जुन्या स्टॉपरच्या आठवणी कशा गोळा कराव्यात

माझे मामा कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून बारा सीझन स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळले. बारा सीझनांत त्यांच्या नावावर एकच गोल लागला, तोही आमच्याच जाळीत.

फॉरवर्डच्या आठवणी गोळा करणं सोपं असतं. त्याचे गोल लोकांनी मोजलेले असतात. कुणी चौघांना चकवून मारला, कुणी कॉर्नरवरून थेट घातला, हे पेठेतल्या पोरांनाही पाठ असतं. स्टॉपरचं सगळं काम म्हणजे त्यानं जे घडू दिलं नाही ते. न झालेला गोल कोण ध्यानात ठेवणार, असं मलाही वाटायचं. दीड वर्ष फिरले, एकेचाळीस माणसांशी बोलले, दोनशे पानी दोन वह्या भरल्या. लोकांच्या ध्यानात सगळं आहे. पण ते बाहेर काढायची वाट वेगळी आहे आणि ती मला उशिरा सापडली, म्हणून इथं लिहून ठेवते. आपल्या पेठापेठांतले असे जुने बॅक, हाफ, गोलकीपर आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना खेळताना बघितलेली माणसंही त्याच वयाची. माझ्या यादीतली तीन माणसं मी पोचायच्या आधीच गेली. कुणाच्या मनात असं काही करायचं असेल तर या पावसाळ्यातच हात घाला.

सुरुवात समोरच्या पेठेतून

मी सुरुवात आमच्याच तालमीतून केली आणि दोन महिने त्यात गेले. "वाघ होता वाघ." "तसा स्टॉपर पुन्हा झाला न्हाई." नऊ जणांनी हेच सांगितलं. त्यांचं प्रेम खरं होतं, पण वहीत उतरवायला घेतलं की नऊ माणसांचं मिळून एकच वाक्य होत होतं. कौतुक निराळं आणि आठवण निराळी.

पहिली खरी आठवण दिली ती विरोधी तालमीच्या माणसानं. ते राईट आऊट, म्हणजे उजव्या कडेचे फॉरवर्ड, खेळायचे, आता त्यांचं बाइंडिंगचं दुकान आहे. मी वह्यांना पुठ्ठा घालून घ्यायला गेले होते. कुणाची भाची ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुझ्या मामानं मला कधी पाडलं न्हाई," ते म्हणाले. "पण मी त्येच्या आतल्या बाजूनं कधी गेलोच न्हाई. कायम लाईनीकडनं. मला वाटायचं, माझा मीच जातोय."

मग त्यांनी उठून एक स्टूल दुकानाच्या मधोमध ठेवलं आणि मामा कसे उभे राहायचे ते करून दाखवलं. आमचा लेफ्ट बॅक मागं पडला की त्याला सोडवायला मामा बाहेर यायचे, पण समोर सरळ उभे राहायचे नाहीत. अंग तिरकं, उजवा खांदा पुढं, लाईनीकडची वाट मोकळी. फॉरवर्डला ती वाट दिसायची, तो तिकडं पळायचा, आणि कॉर्नरच्या झेंड्याजवळ पोचेपर्यंत क्रॉस मारायला त्याला जागाच उरलेली नसायची. आमच्या नऊ जणांपैकी एकानंही हे बघितलेलं नव्हतं, कारण ते बॉल बघत होते. मामांकडं बघायची गरज फक्त समोरच्याला होती.

त्या दिवशी मी यादी उलटी केली. आधी मामांच्या समोर खेळलेले फॉरवर्ड. मग त्या फॉरवर्डचे पाठीराखे, कारण आपला माणूस सारखा का अडतोय हे त्यांनी जीव टांगून बघितलेलं असतं. मग रेफ्री आणि लाईनमन. लाईनमनला तर अजिबात विसरू नका. ऑफसाईड, म्हणजे पास सुटताना फॉरवर्ड बचावाच्या पुढं निघालाय का ते, बघायचा म्हणून तो सगळी मॅच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत पळत असतो. ज्या हाफमध्ये आपला स्टॉपर त्याच्या बाजूला असतो, त्या हाफमध्ये त्याच्यावर डोळा ठेवून असणारा मैदानात लाईनमनएवढा दुसरा कोणी नाही. मला एक निवृत्त लाईनमन भेटले. त्यांनी दोन तासांत दिलं तेवढं आमच्या अख्ख्या कट्ट्यानं दोन महिन्यांत दिलं नव्हतं. आपल्या तालमीची माणसं शेवटी घ्या. तोवर तुमच्याकडं विचारायला नेमकं काहीतरी आलेलं असतं.

दुसऱ्या पेठेत जाताना काही गोष्टी पाळा. सीझन चालू असताना जाऊ नका, आणि त्यांची-आपली मॅच असेल त्या आठवड्यात तर नाहीच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आजही कोण कुठं बसतो ते ठरलेलं असतं, आणि त्या दिवसांत चांगली माणसंही तोंड मिटून घेतात. पावसाळा उत्तम. मैदान बंद, म्हातारी माणसं घरात, कुणीतरी येऊन जुनं विचारलं तर त्यांनाही बरं वाटतं. आपण कोण, कुणाचे, कुठल्या तालमीचे हे पहिल्याच वाक्यात सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं तर पुढची दहा घरं बंद होतात. दोन्ही पेठांत मान असलेला कुणी वडीलधारा सोबत आला तर उत्तम. मला एक जुने रेफ्री मिळाले होते, ते तीन घरांपर्यंत आले. पुढची घरं त्या तीन घरांनीच उघडून दिली.

काय विचारायचं, काय नाही

"ते कसे खेळायचे हो?" हे विचारू नका. त्याला "लई भारी" याखेरीज उत्तर नाही.

माझा पहिला प्रश्न असायचा, "तुम्ही कुठं बसला होता?" माणूस आधी स्वतःच्या जागेवर जाऊन बसला पाहिजे. मग शेजारी कोण होतं, ऊन कुणीकडून येत होतं, शेंगा कुणी आणल्या होत्या. हे वेळ काढणं नव्हे. गॅलरीतली जागा आठवली की समोरचं मैदान आपोआप दिसायला लागतं. एका काकांना दोन बैठकींत काही आठवेना. शेवटी स्टेडियममध्ये पोरांची प्रॅक्टिस होती त्या संध्याकाळी परवानगी घेऊन त्यांना तिथं नेलं. ते आपल्या जुन्या पायरीवर बसले, गुडघ्यावर हात ठेवले, आणि पाच मिनिटांनी स्वतःहून बोलू लागले.

दुसरा प्रश्न, "एकच बॉल सांगा." एक मॅच नको, सीझन नको, एक बॉल. आणि तो सांगून झाला की, "त्याच्या आधी बॉल कुठं होता?" स्टॉपरच्या बाबतीत हा प्रश्न सोन्यासारखा आहे. टॅकल सगळ्यांना दिसतो, पण चांगला स्टॉपर टॅकलच्या आधी चार पावलं चाललेला असतो आणि त्याचं खरं काम त्या चार पावलांत असतं. हा प्रश्न विचारून गप्प बसायला शिका. मला ते जड गेलं. समोरचा थांबला की मी दुसरा प्रश्न टाकायची आणि येत असलेलं परत जायचं.

जवळ कागद-पेन ठेवा, पण लोक शेंगांनीच दाखवतात. टेबलावर बावीस शेंगा आणि बॉल म्हणून एक फुटाणा. ही मांडणी मोडायच्या आत फोटो काढा. माझ्याकडं असे सतरा फोटो आहेत. घरी नेऊन त्यावरून आकृती काढली की जे ऐकताना कळलं नव्हतं ते कळतं.

आवाज विचारा. मैदानातले आवाज लोकांना दृश्यांहून जास्त पक्के आठवतात. मामा बचावाची लाईन वर काढताना "भाईर! भाईर!" ओरडायचे, हे मला सहा जणांनी सांगितलं, त्यातल्या दोघांनी त्यांच्या आवाजात ओरडूनही दाखवलं. गॅलरी त्यांना 'नाका' म्हणायची. जकात नाका. तेव्हा शहरात शिरणारी प्रत्येक गाडी नाक्यावर थांबायची आणि जकात भरल्याशिवाय पुढं सुटायची नाही. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन मामांच्या दिशेनं निघाला की आमची बाजू एका सुरात, "थांब, पावती फाड!" जकात बंद होऊन वर्षं झाली. आजच्या पोरांना हे टोपणनाव समजावून सांगावं लागतं. म्हणून अशी नावं त्यांच्या कारणासकट लिहा, नाहीतर नुसतं नाव उरेल.

आणि घरातल्या बायकांना विचारा. याचं मला वाईट वाटतं की मी मामींकडं सगळ्यांत शेवटी गेले. "मी कुठं मॅच बघिटलो," त्या म्हणाल्या, "मी चिखल बघिटलो." जर्सीच्या कुठल्या बाजूला चिखल आहे त्यावरून मामा कुठल्या अंगावर पडलेत हे त्यांना कळायचं. डाव्या अंगावर घसरून टॅकल मारायची त्यांची सवय होती. उन्हाळ्यात कडक झालेल्या मैदानावर त्याच मांडीची साल निघायची, आणि मामा उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते, तर दुसऱ्या दिवशी साच्यापाशी उकिडवं बसता यायचं नाही. उभ्यानं काम चालतं का म्हणून मामी फोरमनच्या बायकोकडं विचारायला गेल्या होत्या. ही गोष्ट मामांना स्वतःलाही माहीत नव्हती.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगते. आधी विचारा, नको म्हणाले तर फोन खिशात. हो म्हणाले तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. टेबलावर घडी घातलेला रुमाल ठेवून त्यावर फोन ठेवा, म्हणजे कपबशीचा आवाज कानात बसत नाही. सुरुवातीला आपणच तारीख, जागा आणि माणसाचं नाव बोला. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे जुने खेळाडू खूप भेटतात, पण तिथं वाऱ्यानं काही ऐकू येत नाही, तेव्हा तिथं नुसती ओळख करून घ्या आणि घरी जा. त्याच रात्री वहीत उतरवा. बॉलला बॉलच लिहा, चेंडू करू नका. "आलतो", "गेलतो", "बसलोवतो" तसंच ठेवा. मी पहिल्या चार आठवणी शुद्ध करून लिहिल्या होत्या. त्या वाचून दाखवल्यावर सांगणाऱ्या काकांनी विचारलं, "हे कोण बोललंय?" चारही पानं पुन्हा लिहिली.

साल कसं ठरवायचं

साल कुणाला आठवत नाही, आणि आग्रह केला तर माणूस काहीतरी सांगून मोकळा होतो. ते चुकीचं साल मग पुढच्या दहा जणांकडं जातं. त्यापेक्षा आजूबाजूचं विचारा. पोरगं झालं होतं का? एकोणनव्वदचा पूर आधी की नंतर? त्या वर्षी वर्ल्डकप होता का? वर्ल्डकपची खूण कोल्हापुरात कधी फसत नाही, कारण गल्लोगल्ली ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि कुणाचा झेंडा कुणी लावला यावरून झालेली भांडणं माणूस विसरत नाही. १९८६ म्हणजे मॅराडोनाचा. १९९० ला कॅमेरूननं पहिल्याच मॅचमध्ये अर्जेंटिनाला हरवलं. एवढ्यावरून पुष्कळ गाठी सुटतात.

स्टॉपरच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते, ती म्हणजे नियम. १९९० पर्यंत फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असला तरी ऑफसाईड धरत. त्या वर्षी नियम बदलला, बरोबरीचा फॉरवर्ड ऑनसाईड झाला, आणि हात वर करून लाईन बाहेर काढणाऱ्या बचावाला एक फूट कमी मिळू लागला. लाईनमनच्या एका आठवणीचा काळ आम्ही दोघांनी मिळून असाच लावला. त्यांनी झेंडा वर केला होता, "बरोबरीत होता" म्हणून. म्हणजे ती मॅच जुन्या नियमातली.

त्याहून मोठा बदल १९९२ चा. त्याआधी बॅकनं मागं दिलेला पास गोलकीपर खुशाल हातात घ्यायचा. दमलेल्या बचावाचा तो श्वास होता. १९९२ मध्ये आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला पास हातानं घ्यायला बंदी आली. घेतला तर त्या जागेवरून इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. डोक्यानं किंवा छातीनं दिलेला चालतो. तेव्हा कुणी सांगितलं की "तुझ्या मामानं मागं दिला आणि गोलकीपरनं उचलला, रेफ्री काय बोलला न्हाई," तर ती आठवण जुनी. आणि कुणी सांगितलं की "मांडीएवढा बॉल वाकून डोक्यानं मागं दिला," तर ती नंतरची. नियमाचं वर्ष आणि आपल्या मैदानावर तो अंगवळणी पडल्याचं वर्ष यांत थोडं मागंपुढं धरा.

वर्तमानपत्रांचाही आधार घ्या. कोल्हापुरात मॅचच्या बातम्या पहिल्यापासून छापून येतात, आणि कात्रणं घरोघरी आहेत, ट्रंकेत साडीच्या खालच्या कागदात, देव्हाऱ्याच्या कप्प्यात. जुन्या अंकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात चौकशी करा. ही संस्था १८५० पासूनची, तिथं विचारल्याशिवाय राहू नका. पण स्टॉपरचं नाव बातमीत क्वचित असतं. मामांचं नाव मला सगळ्या कात्रणांत मिळून चार वेळा सापडलं, त्यातलं दोनदा कार्ड मिळालं म्हणून. कात्रणातून स्कोअर आणि तारीख घ्यायची, बाकी माणसांकडून.

वहीत मी एक पद्धत ठेवली होती. आठवण पेनानं लिहायची. साल, स्कोअर आणि तिसऱ्या माणसाचं नाव पेन्सिलीनं. साल आणि स्कोअर दोन जागांहून जुळले, किंवा त्या माणसानं स्वतः हो म्हटलं, की मग पेन फिरवायचं.

फोटो

२०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या एका घरात पाणी शिरलं, आणि त्या घरात आमच्या तालमीचे तीस-पस्तीस जुने फोटो होते. मी गेले तेव्हा ते एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. त्या घरच्या पोरांनी आधी सुरीनं सोडवायचा प्रयत्न केला होता, त्यात दोन टीमचे चेहरे गेले. असं करू नका. चिकटलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवा, वीस-तीस मिनिटं थांबा, आपोआप सुटू लागले तरच हलक्या हातानं वेगळे करा. ओल्या फोटोच्या चित्राच्या बाजूला बोट लावू नका, वरचा थर फुगलेला असतो आणि बोटाबरोबर निघतो. चित्र वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. ऊन नको, इस्त्री नको. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काढूच नका, काचेवरूनच तिरक्या उजेडात फोटो घ्या. आम्ही तसे एकवीस वाचवले. लॅमिनेशन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका, ते पुन्हा निघत नाही.

चेहरे ओळखायला मूळ फोटो घेऊन फिरू नका. मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि लोकांना आकड्यानं विचारा. तिघांचं एकमत झालं की नाव पक्कं. मूळ फोटोच्या मागं लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. आणि टीमच्या फोटोत पुढच्या रांगेत ठेवलेला बॉल नीट बघा, त्यावर कित्येकदा खडूनं साल घातलेलं असतं. आमच्या एका फोटोचं तीस वर्षांचं भांडण त्या बॉलनं मिटवलं.

आठवणी जुळल्या नाहीत तर

मामांनी एकदा गोललाईनवरून बॉल काढला. तिघांनी सांगितलं. एक म्हणाले पायानं, एक म्हणाले डोक्यानं, तिसरे म्हणाले छातीवर घेतला. मी आधी खरं कोणतं ते ठरवायला निघाले होते. मग तिघं कुठं बसले होते ते मांडलं. छाती म्हणणारे गोलच्या मागं होते, बाकीचे दोघे लांबच्या बाजूला. मी तिन्ही लिहिल्या, प्रत्येकापुढं त्याची जागा लिहिली, आणि निर्णय दिला नाही. वाचणारा हुशार असतो.

जखमा आणि मारामाऱ्या जपून. मामांच्या एका टॅकलनं समोरच्या पोराचा घोटा गेला आणि तो पुढं खेळला नाही. मी त्या माणसाकडं गेले नसते तर वही अर्धी राहिली असती, असं मला आजही वाटतं. जायच्या आधी निरोप पाठवला, "नको वाटलं तर येत नाही." त्यांनी बोलावलं, चहा दिला, बोलले, आणि शेवटी म्हणाले, "हे लिहू नको." मी त्यांच्यासमोर पान फाडून त्यांच्या हातात दिलं. तिथं काय होतं ते मी मामांनाही सांगितलेलं नाही. गॅलरीत दगड कुणी मारला, कुणाला पोलिसांनी नेलं, असलं पुष्कळ ऐकू येईल. ती माणसं आता आजोबा झालीत. प्रसंग लिहा, नाव सोडा.

आता त्या एका गोलाविषयी. एका स्पर्धेची सेमीफायनल, शून्य-शून्य, वळीव पडून गेल्यानं मैदान ओलं. मामांनी वीस पावलांवरून मागं पास दिला आणि बॉल आमच्या जाळीत गेला. चौदा जणांनी ही गोष्ट सांगितली, कुणाला साल आठवेना. शेवटी एक जण म्हणाले, "कोलंबियाच्या त्या प्लेअरला मारलं न्हाई का, त्येच्या महिनाभर आधी." कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार, तोही बचावपटूच. २२ जून १९९४ ला वर्ल्डकपमध्ये अमेरिकेविरुद्ध त्याच्या पायाला लागून स्वतःच्या जाळीत गोल गेला आणि २ जुलैला मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. ती बातमी आली तेव्हा मामा कट्ट्यावर यायचे थांबलेले होते. म्हणजे आमची मॅच मे ९४ ची. पुढं कात्रण सापडलं, तारीख जुळली.

आमच्या पेठेतले सगळे म्हणाले, पास जोरात गेला. मग मी समोरच्या सेंटर फॉरवर्डकडं गेले. तो त्या बॉलच्या मागं पळत होता. "पास बरोबर होता," ते म्हणाले. "तुमच्या गोलकीपरनं वाकून हात घातलंवतं. मी 'बॅकपास' म्हणून वरडलो. त्येला नियम आठवला आणि त्येनं हात मागं घेटलं. बॉल दोन हातांच्या मधनं गेला." लाईनमन त्याच बाजूला होते. त्यांना मी काही न सुचवता विचारलं, "त्याच्या आधी काय झालं?" त्यांनीही हात मागं घेतल्याचंच सांगितलं. हातात घेतला असता तर फक्त इनडायरेक्ट फ्री किक झाली असती. तीस वर्षं आमच्या पेठेत "नाक्यानं मॅच घालवली" असं म्हणत आले, आणि समोरच्या पेठेला खरं काय ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वाचून दाखवणं

वही पुरी झाल्यावर ज्याच्या आठवणी आहेत त्याला, तो हयात असेल तर, सगळी वाचून दाखवा. एका बैठकीत नको, मामांना मी अकरा संध्याकाळी वाचून दाखवली. डोळ्यांनी वाचायला देऊ नका. वाचताना माणूस चटकन पान उलटतो, ऐकताना मधे थांबवतो, आणि थांबवून जे सांगतो ते वहीत नसतं. हातात पेन्सिल ठेवा. त्याला नको असेल ते काढायची मुभा आहे हे आधीच सांगा.

मामांनी फारसं काही काढलं नाही. मामींच्या पानावर ते बराच वेळ गप्प बसले. बाइंडिंगवाल्यांच्या पानावर म्हणाले, "त्येला कळलंवतं व्हय?" आणि हसले.

गोलाचं पान मी दहाव्या संध्याकाळी वाचलं. खरं सांगायचं तर मला ते पान वाचून दाखवायची घाई झाली होती. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हात मागं घेटलेलं मला तवाच दिसलंवतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"पोरी, 'पायानं' म्हणून हाक मी मारायला पाहिजे हुती. गोलकीपरला माझ्या मागनं पळणारा दिसत न्हवता, मला दिसत हुता. हाक मारायची स्टॉपरनं. ते लिव्ह."

ते मी तिथंच, फॉरवर्डच्या आणि लाईनमनच्या खाली, पेनानं लिहिलं. त्या पानावर गोलकीपरचं नाव पेन्सिलीनं होतं. ते अजूनही आमच्याच गल्लीत राहतात, रोज संध्याकाळी मामांकडं येऊन बसतात, आणि त्यांच्या स्वतःच्या तीन आठवणी वहीत आहेत, त्या मॅचची एकही नाही. मामांनी वही माझ्या हातातून घेतली, नातवाच्या दप्तरातून खोडरबर मागवला, आणि ते नाव स्वतः खोडलं.